दोन व्हॉल्व्हचा मेंदू

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत विजेरीच्या झोतामागे धावणारी एक छोटी गाडी हमखास दिसते. दोन मोटारी, प्रकाश ओळखणारे दोन सुटे भाग, एक-दोन ट्रान्झिस्टर आणि बॅटरी एवढ्या भांडवलावर ती चालते. विजेरी डावीकडे नेली की गाडी डावीकडे वळते, उजवीकडे नेली की उजवीकडे. पाहणाऱ्यांना मौज वाटते, परीक्षक गुण देतात आणि प्रदर्शन संपले की गाडी माळ्यावर जाते. या गाडीची वंशावळ मात्र थोर आहे. तिचा मूळपुरुष १९४८-४९ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जन्माला आला. त्याला घडवणारे विल्यम ग्रे वॉल्टर हे खेळणी बनवणारे कारागीर नव्हते आणि कारखान्यातील अभियंतेही नव्हते. ते मेंदूचे संशोधक होते. त्यांना एका अवघड प्रश्नाचे उत्तर हवे होते. प्राण्याचे वागणे इतके गुंतागुंतीचे दिसते, म्हणून त्यामागचा मेंदूही तितकाच गुंतागुंतीचा असावाच लागतो का?

केंब्रिज ते येना

वॉल्टर यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९१० रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे झाला. वडील ब्रिटिश आणि व्यवसायाने पत्रकार, तर आई अमेरिकन. पहिले महायुद्ध सुरू असतानाच, १९१५ मध्ये, हे कुटुंब इंग्लंडला आले आणि वॉल्टर तेथेच वाढले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर स्कूलमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात प्रवेश घेतला. मज्जातंतूंमधून वाहणारे विद्युत संदेश मोजण्याच्या कामात त्या काळी केंब्रिजचे नाव अग्रभागी होते. तेथील एडगर ॲड्रियन यांना याच क्षेत्रातील कार्याबद्दल १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलव यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांचीही तेव्हा सर्वत्र चर्चा होती. घंटा वाजली की अन्न नसतानाही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे पाव्हलव यांनी दाखवून दिले होते. वॉल्टर यांच्या विचारांवर या दोन्ही गोष्टींचा खोल ठसा उमटला. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी तारा आणि व्हॉल्व्ह जोडून पाव्हलव यांच्या कुत्र्याचीच नक्कल उभी केली, तिची बीजे या काळातील आहेत.

केंब्रिजमध्येच राहून संशोधन करण्याची त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. महाविद्यालयाची संशोधनवृत्ती त्यांना मिळाली नाही. मग ते लंडनला आले आणि मॉडस्ली रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत प्रोफेसर फ्रेडरिक गोला यांच्या हाताखाली काम करू लागले. केंब्रिजचे दार बंद झाले नसते तर ते रुग्णांच्या इतक्या जवळ आले असते की नाही, कोण जाणे! मानसिक आजार आणि अपस्मार यांनी ग्रासलेली माणसे येथे रोज त्यांच्यासमोर येत होती. त्यांच्या कवटीच्या आत काय चालले आहे हे कवटी न उघडता कळावे, अशी गरज गोला यांनाही भासत होती.

त्याच सुमारास जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांचे काम हळूहळू जगापुढे येत होते. माणसाच्या डोक्यावर धातूच्या पट्ट्या लावून मेंदूतील अतिक्षीण विद्युत स्पंदने कागदावर उमटवता येतात, असा दावा बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केला होता. प्रारंभी फारसे कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये ॲड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी केंब्रिजमध्ये हा प्रयोग करून पाहिला आणि बर्गर यांचे म्हणणे खरे ठरले. पुढच्याच वर्षी वॉल्टर येनाला जाऊन बर्गर यांना भेटून आले. परत आल्यावर त्यांनी अधिक संवेदनशील यंत्रे बांधण्यास सुरुवात केली. आज ज्या तपासणीला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ईईजी म्हणतात, तिला रुग्णालयात स्थान मिळवून देणाऱ्यांमध्ये वॉल्टर यांचे नाव पहिल्या काही जणांत घ्यावे लागते.

१९३६ मध्ये त्यांनी या तंत्राचा एक महत्त्वाचा उपयोग दाखवला. मेंदूत गाठ झाली असेल तर ती गाठ स्वतः विद्युतदृष्ट्या मूक असते. मात्र तिच्या भोवतालच्या पेशींमधून अतिशय मंद लहरी निघतात. डोक्यावर अनेक ठिकाणी पट्ट्या लावून या लहरींचा उगम शोधला तर गाठीची जागा बाहेरूनच सांगता येते. जागेपणी दिसणाऱ्या नेहमीच्या लहरी सेकंदाला आठ ते तेरा या गतीने येतात, तर या मंद लहरी सेकंदाला चारपेक्षाही कमी असतात. वॉल्टर यांनी त्यांना डेल्टा हे नाव दिले. शल्यचिकित्सकाला सुरी हातात घेण्यापूर्वी दिशा दाखवणारे हे नवे साधन होते. क्ष-किरणांच्या साध्या छायाचित्रात मेंदूतील मऊ गाठ सहसा दिसत नाही आणि सीटी स्कॅन यायला अजून पस्तीस वर्षे अवकाश होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

ब्रिस्टलची संस्था

१९३९ मध्ये ब्रिस्टल येथे बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ही संस्था सुरू झाली. गोला तिचे संचालक झाले आणि वॉल्टर त्यांच्याबरोबर तेथे गेले. पुढची तीन दशके हीच त्यांची कर्मभूमी ठरली. ब्रिटनमध्ये विजेच्या धक्क्याने मनोरुग्णांवर केलेले पहिले उपचार याच संस्थेत १९३९ मध्ये झाले आणि त्या कामात वॉल्टर यांचाही सहभाग होता. या उपचारांबद्दल पुढे जगभर वाद झाले. मेंदूला विद्युत यंत्र मानण्याचा विचार केवळ कुतूहलापुरता नव्हता. त्याचे बरे-वाईट परिणाम खऱ्या माणसांना भोगावे लागत होते, हे या घटनेवरून दिसते.

ब्रिस्टलमध्ये वॉल्टर यांच्या यंत्रांची मालिकाच सुरू झाली. एकमेकांत मिसळलेल्या मेंदूलहरी त्यांच्या गतीनुसार आपोआप वेगळ्या करून दाखवणारे विश्लेषक यंत्र त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केले. १९४४ मध्ये संशोधक व्हिव्हियन डोव्ही यांच्यासह केलेल्या कामात त्यांनी सेकंदाला चार ते सात या गतीच्या लहरींना थीटा हे नाव दिले. डोव्ही यांच्याशी पुढे १९४७ मध्ये त्यांचा विवाह झाला. अभियंते हॅरॉल्ड शिप्टन यांच्या मदतीने त्यांनी टोपोस्कोप नावाचे उपकरण उभारले. त्यात दूरचित्रवाणीच्या पडद्यासारख्या बावीस छोट्या नळ्या होत्या आणि मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी काय घडते आहे, हे त्यांवर दिसे. लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा मेंदूवर होणारा परिणामही या तिघांनी अभ्यासला. अपस्मार असलेल्या काही रुग्णांत ठरावीक गतीने लुकलुकणारा दिवा झटक्याच्या खुणा जागवतो, हे त्यातून स्पष्ट झाले आणि ईईजी तपासणीत अशा दिव्याचा वापर रूढ झाला.

मात्र कागदावर उमटणाऱ्या लहरी कितीही तपासल्या तरी एक प्रश्न उरतच होता. मेंदूत त्या काळच्या अंदाजानुसार सुमारे १००० कोटी पेशी होत्या. आजचा अंदाज सुमारे ८६०० कोटींचा आहे. एवढ्या पेशींच्या गोंगाटातून वागणुकीचे नियम कसे शोधायचे? विश्लेषण हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग उलटा होता. थोडेसे भाग घेऊन काहीतरी बांधायचे, ते मोकळे सोडायचे आणि कसे वागते ते पाहायचे.

या दुसऱ्या मार्गाकडे त्यांचे लक्ष वळवण्यात केंब्रिजचे तरुण मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांचा मोठा वाटा होता. युद्धकाळात क्रेक ब्रिस्टलला येत. लक्ष्य शोधणाऱ्या यंत्रांविषयी आणि मेंदू भोवतालच्या जगाची छोटी प्रतिकृती मनात कशी बाळगत असेल याविषयी दोघांच्या चर्चा होत. १९४५ च्या मे महिन्यात, युरोपातील युद्ध संपत असतानाच, सायकल अपघातात क्रेक यांचा अवघ्या ३१ व्या वर्षी मृत्यू झाला. त्या चर्चांमधून निघालेली कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे काम वॉल्टर यांच्यावर येऊन पडले.

एल्मर आणि एल्सी

१९४८ च्या वसंत ऋतूत वॉल्टर यांनी फावल्या वेळातील उद्योग म्हणून हे काम हाती घेतले आणि १९४९ पर्यंत दोन यंत्रे तयार झाली. त्यांची नावे एल्मर आणि एल्सी. इलेक्ट्रो मेकॅनिकल रोबोट या शब्दांची आद्याक्षरे जुळवून एल्मर हे नाव घडवले होते. एल्सीचे नावही अशाच जुळणीतून आले. सामान अगदी साधे होते. युद्धानंतर स्वस्तात निघालेले सुटे भाग आणि जुन्या घड्याळांतील व गॅस मीटरमधील दातेरी चाके यांतून यंत्रांचा सांगाडा उभा राहिला. वर पाठीसारखे कवच बसवले होते. चाल संथ होती. म्हणून सर्वजण त्यांना कासवे म्हणू लागले. वॉल्टर यांनी मात्र प्राणिशास्त्रातील जातींच्या धर्तीवर त्यांना माकिना स्पेक्युलाट्रिक्स, म्हणजे धुंडाळत फिरणारे यंत्र, असे लॅटिन नाव दिले.

कासवाला तीन चाके होती. पुढचे चाक एका मोटारीने फिरे आणि दुसरी मोटार त्या चाकाची दिशा वळवे. प्रकाश ओळखणारा फोटोसेल थेट सुकाणूच्या दांड्यावर बसवलेला होता. त्यामुळे चाक ज्या दिशेला, त्याच दिशेला कासवाचा डोळा, अशी रचना होती. कवच सैलसर टांगलेले होते. ते कशावर आदळले की आतील एक संपर्क जुळे. हेच त्याचे स्पर्शेंद्रिय. आणि या दोन ज्ञानेंद्रियांना दोन मोटारींशी जोडणारा मेंदू म्हणजे रेडिओत असतात तसले दोन व्हॉल्व्ह आणि दोन रिले. म्हणजे मोजायला गेले तर फक्त दोन चेतापेशी.

एवढ्या सामग्रीवर काय घडत होते? अंधारात सुकाणू अखंड फिरत राही आणि त्यासोबत डोळाही चहूकडे फिरे. पुढचे चाक चालू असल्याने कासव वळणे घेत घेत पुढे सरकत राही, जणू काही शोधत आहे. मध्यम प्रकाश डोळ्यात शिरला की सुकाणूची मोटार थांबे आणि कासव त्या प्रकाशाच्या रोखाने निघे. थोडे तिरके गेले की प्रकाश सुटे, सुकाणू पुन्हा फिरे आणि दिशा पुन्हा सापडे. दिव्याच्या फार जवळ गेल्यावर मात्र प्रकाश अतितीव्र होई आणि सुकाणू पुन्हा फिरू लागे. कासव दिव्यावर जाऊन आदळण्याऐवजी त्याच्याभोवती घोटाळत राही. दोन दिवे ठेवले तर ते एकाकडे जाई, जवळ जाताच तोंड फिरवी आणि दुसऱ्याकडे निघे.

वाटेत टेबलाचा पाय आला आणि कवच आदळले की व्हॉल्व्हचे मंडल आंदोलने देऊ लागे. कासव ढकलणे आणि वळणे आळीपाळीने करू लागे आणि हलका अडथळा बाजूला सारून किंवा जड अडथळ्याला वळसा घालून सुटका करून घेई. हे चालू असताना प्रकाशाची ओढ तात्पुरती बंद राही. समोर कितीही मोहक दिवा असो, आधी अडचणीतून सुटका, मग दिवा! प्राण्यातही प्राधान्यक्रम असाच दिसतो.

सर्वांत चकित करणारी गोष्ट भुकेची होती. कासवासाठी वॉल्टर यांनी एक खोपटे केले होते. त्यात प्रखर दिवा आणि बॅटरी भरून घेण्याची सोय होती. बॅटरी भरलेली असताना प्रखर दिवा कासवाला नकोसा वाटे आणि ते खोपट्याच्या दारातून माघारी फिरे. बॅटरी उतरू लागली की व्हॉल्व्हची संवेदनशीलता कमी होई. तोच प्रखर दिवा आता त्याला मध्यम भासे, ते सरळ खोपट्यात शिरे, विजेच्या संपर्काला टेके आणि चार्ज होत राही. बॅटरी भरली की दिवा पुन्हा प्रखर वाटे आणि कासव बाहेर पडे. भूक लागली आहे असे सांगणारा एकही स्वतंत्र भाग त्यात नव्हता. बॅटरी क्षीण झाल्याने होणारा बिघाडच येथे भुकेचे काम करी.

आणखी एक प्रकार तर वॉल्टर यांनी योजलेलाच नव्हता. सुकाणू चालू आहे की नाही हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून कासवाच्या डोक्यावर एक छोटा दिवा बसवला होता. सुकाणू फिरत असेल तर तो पेटे, थांबले तर विझे. एकदा हे कासव आरशासमोर आले. आरशात त्याला स्वतःचाच दिवा दिसला, म्हणून सुकाणू थांबले. सुकाणू थांबताच दिवा विझला. दिवा विझताच समोरचा प्रकाश नाहीसा झाला. त्यामुळे सुकाणू पुन्हा फिरू लागले आणि दिवा पुन्हा पेटला. कासव आरशापुढे लुकलुकत, थरथरत नाचू लागले. एल्मर आणि एल्सी समोरासमोर आले तरी असेच काहीसे घडे. दोघे एकमेकांच्या दिव्याने खेचले जात, जवळ येत, अडखळत आणि पुन्हा दूर होत.

हे वागणे एखाद्या प्राण्यात दिसले असते तर आपण त्याला स्वतःची जाणीव असल्याचा पुरावा मानले असते, असे वॉल्टर यांनी लिहिले. त्यांच्या विधानांतील हे सर्वांत धाडसी आणि सर्वांत वादग्रस्त विधान. त्याचे दोन अर्थ लावता येतात. यंत्रालाही जाणीव असू शकते, हा एक. आणि जाणिवेचे जे पुरावे आपण इतक्या सहज स्वीकारतो ते फारच कच्चे आहेत, हा दुसरा. आरशापुढे नाचणाऱ्या कासवात मंडलाच्या उघडझापीपलीकडे काही नव्हते. पाहणाऱ्याच्या मनात मात्र त्याला आवडीनिवडी, हट्ट, लाज असे सारे काही दिसे. दोन व्हॉल्व्हनी यंत्राविषयी जितके शिकवले, तितकेच पाहणाऱ्या माणसाविषयीही शिकवले.

प्रसिद्धी आणि तिची किंमत

अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मे १९५० मध्ये वॉल्टर यांचा कासवांवरील लेख प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. ऑगस्ट १९५१ मध्ये त्याच मासिकात शिकणाऱ्या यंत्रावरचा दुसरा लेख आला. चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या वृत्तचित्रांतही कासवे झळकली. संस्थेतील तंत्रज्ञ बनी वॉरेन यांनी १९५१ मध्ये अधिक सुबक अशी सहा कासवे बनवली आणि त्यांतील काही त्या वर्षीच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय प्रदर्शनात ठेवली गेली. युद्धोत्तर टंचाईला कंटाळलेल्या ब्रिटिश जनतेने त्यांना मोठ्या कौतुकाने पाहिले.

याच काळात लंडनमध्ये रेशिओ क्लब नावाची एक छोटी मंडळी जमत असे. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग, स्वतःचा तोल सांभाळणारे होमिओस्टॅट यंत्र बनवणारे मनोविकारतज्ज्ञ रॉस ॲशबी आणि वॉल्टर हे तिचे सदस्य होते. नॉर्बर्ट वीनर यांच्या सायबरनेटिक्स या ग्रंथाने १९४८ मध्ये प्राणी आणि यंत्र यांच्यातील नियंत्रणाचा एकत्रित विचार मांडला होता. वॉल्टर यांची कासवे ही त्या विचाराची जमिनीवर चालणारी उदाहरणे होती.

त्यानंतरची पायरी म्हणजे कोरा. पाव्हलव यांचा कुत्रा जसा घंटा आणि अन्न यांची सांगड घालतो, तशी सांगड घालणारे हे विद्युत मंडल होते. शिट्टी आणि प्रकाश पुनःपुन्हा एकत्र दिले की काही वेळाने नुसत्या शिट्टीलाही यंत्र प्रतिसाद देई. हळूहळू क्षीण होत जाणारे विद्युत आंदोलन हीच त्याची स्मृती होती. उजळणी झाली नाही की आंदोलन विरून जाई आणि यंत्र शिकलेले विसरे. परस्परविरोधी धडे दिले तर त्याची वागणूक विस्कटे. त्यात वॉल्टर यांना मानसिक आजाराशी साम्य दिसले. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द लिव्हिंग ब्रेन या पुस्तकात त्यांनी मेंदूलहरी, कासवे आणि कोरा या साऱ्यांची कहाणी सामान्य वाचकांसाठी सांगितली. हे पुस्तक खूप वाचले गेले. १९५६ मध्ये त्यांनी एक विज्ञान कादंबरीही लिहिली. बीबीसीच्या चर्चा कार्यक्रमांतूनही ते लोकांना परिचित झाले.

या लोकप्रियतेची किंमतही त्यांना मोजावी लागली. कासवांना खेळणी समजणारे शास्त्रज्ञ कमी नव्हते. वॉल्टर यांच्या मोठमोठ्या उपमा त्यांना उथळ वाटत. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. त्यातच काळाचा रोख बदलला. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ येथे भरलेल्या परिषदेपासून कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव रूढ झाले आणि संशोधकांचे लक्ष संगणकाकडे गेले. बुद्धी म्हणजे चिन्हांची मांडणी, तर्क आणि बुद्धिबळ, असे समीकरण झाले. जमिनीवर रांगणारे, कसलाही नकाशा न बाळगणारे कासव त्या चौकटीत बसत नव्हते.

वॉल्टर पुन्हा मेंदूलहरींकडे वळले आणि १९६४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक महत्त्वाचा शोध जाहीर केला. माणसाला आधी सूचनेचा एक संकेत दिला आणि दुसऱ्या संकेतावर बटण दाबायला सांगितले, तर दोन संकेतांमधल्या क्षणभरात त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागात ऋण विद्युतदाब हळूहळू वाढत जातो. कृती होताच तो ओसरतो. माणूस वाट पाहत असतो तेव्हा मेंदूही वाट पाहत असतो आणि त्या वाट पाहण्याची रेघ कागदावर उमटते. अपेक्षेची लहर म्हणून ओळखला जाणारा हा शोध मेंदूविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला. या एकाच शोधावरही त्यांचे नाव टिकले असते.

१९७० मध्ये स्कूटरला झालेल्या अपघातात वॉल्टर यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. ज्याने आयुष्यभर इतरांच्या कवटीवर पट्ट्या लावून आतील हानीचा ठाव घेतला, त्याच्याच मेंदूला इजा व्हावी, हा दैवदुर्विलास होता. ते वाचले. कामावरही परतले. मात्र त्यांचे पूर्वीचे तेज परत आले नाही. ६ मे १९७७ रोजी वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर कासवांची आठवणही विरत चालली होती.

पुनर्जन्म

आठवण ठेवणारे मात्र अनपेक्षित ठिकाणी होते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरात वाढणाऱ्या रॉडनी ब्रूक्स या मुलाच्या हाती द लिव्हिंग ब्रेन हे पुस्तक आले होते. त्याने व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर वापरून स्वतःचे प्रकाशशोधक कासव बनवले आणि त्याचे नाव नॉर्मन ठेवले. पुढे हाच मुलगा अमेरिकेतील एमआयटीमध्ये प्राध्यापक झाला. त्या काळचे यंत्रमानव खोलीचा नकाशा मनात तयार करण्यातच बराच वेळ घालवीत आणि एकेक पाऊल विचार करून टाकीत. १९८० च्या दशकात ब्रूक्स यांनी वेगळा पर्याय मांडला. नकाशा नको, साध्या प्रतिक्रियांचे थर एकमेकांवर रचा आणि यंत्राला थेट जगाशी झुंजू द्या. अडथळा आधी, ओढ नंतर, हा एल्सीचाच नियम त्यात नव्या रूपाने आला होता. त्यांनी सहकाऱ्यांसह १९९० मध्ये स्थापन केलेल्या आयरोबोट कंपनीने २००२ मध्ये रूम्बा हा घर झाडणारा यंत्रमानव बाजारात आणला. कशावर आपटले की वळसा घालणारा आणि पुढच्या आवृत्त्यांत बॅटरी उतरली की आपोआप चार्जिंगच्या जागी परतणारा हा यंत्रमानव पाहिला की ब्रिस्टलचे खोपटे डोळ्यांपुढे येते.

जर्मनीत काम करणारे मेंदूशास्त्रज्ञ व्हालेंटिनो ब्राइटनबर्ग यांनीही १९८४ मध्ये एका छोट्या पुस्तकात याच वाटेवरची काल्पनिक वाहने रंगवली. विज्ञान प्रदर्शनातील गाडीची रचना बहुतेक वेळा त्यांच्या वाहनासारखी असते. प्रकाश पडला की ज्याचा विद्युतरोध घटतो असा एलडीआर नावाचा स्वस्त भाग गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूंना बसवायचा. डाव्या एलडीआरने ट्रान्झिस्टरमार्फत उजवी मोटार चालवायची आणि उजव्याने डावी. प्रकाश डावीकडे असला की उजवे चाक अधिक वेगाने फिरते आणि गाडी डावीकडे, म्हणजे प्रकाशाकडे वळते. याच तारा सरळ जोडल्या, म्हणजे डावा डावीला आणि उजवा उजवीला, तर तीच गाडी प्रकाशापासून पळ काढते. सामान तेच, वजन तेच, खर्च तोच. केवळ दोन तारांची अदलाबदल झाली की ओढीची जागा भीती घेते. भाग किती आहेत यापेक्षा ते कसे जोडले आहेत याला महत्त्व आहे, हे वॉल्टर यांचे म्हणणे पटवून देण्यासाठी याहून सोपा प्रयोग सापडणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील कोणत्याही इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात हे सारे सामान एका लहान पिशवीत मावेल इतके मिळते.

१९९० च्या दशकात ब्रिटिश संशोधक ओवेन हॉलंड यांनी वॉल्टर यांच्या कासवांचा शोध घेतला. वॉरेन यांनी बनवलेल्यांपैकी एक कासव सापडले, दुरुस्त झाले आणि मूळ रचनेबरहुकूम त्याच्या प्रतिकृतीही तयार झाल्या. त्या प्रतिकृती सुरू केल्यावर, वॉल्टर यांनी वर्णन केलेले दिव्याभोवतीचे घोटाळणे पुन्हा प्रत्यक्ष पाहता आले. लंडनच्या सायन्स म्युझियमने आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने या मालिकेतील प्रत्येकी एक कासव जपून ठेवले आहे. अब्जावधी ट्रान्झिस्टरच्या चिपवर चालणाऱ्या यंत्रांना खरोखर काही कळते का, याची चर्चा आज घरोघरी होते. यंत्राला कळते की नाही आणि ते आपण कशावरून ठरवणार, हे दोन्ही प्रश्न वॉल्टर यांनी दोन व्हॉल्व्ह, दोन रिले आणि एका आरशाच्या साहाय्याने पाऊणशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवले होते.